जुनाच पासवर्ड

४ मार्च

चिमणे,

तू बसवून दिलेला कॉम्प्युटर चांगला चाललाय. जुन्यापेक्षा आवाज कमी करतो, किंवा माझा उजवा कान आणखी गेला असेल. इतकी वर्षं कानांत डॉक्टर घेऊन बसल्यावर दुसरं काय होणार. हॉस्पिटलकडून रोज ध्वनिफिती येतात, मी ऐकून टाइप करते, परत पाठवते. हाडांचे डॉक्टर अजून जेवता जेवताच बोलतात. ‘डाव्या मांडीचं हाड’ म्हणतात आणि मग बराच वेळ नुसती काकडी. पायाखालचं पेडल दाबून मी मागे जाते. पुन्हा काकडी.

पत्र बघून तुला वाटेल, आत्याला झालंय तरी काय. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू आगगाडीसारखी बोलतेस. मेल करावा, तर विचारायचंय ते मेलबद्दलच.

आलेला मेल उघडेपर्यंत ठळक दिसतो आणि उघडला की बारीक होतो, हे तूच शिकवलंस. हल्ली मी सकाळी बसते तेव्हा काही मेल आधीच बारीक झालेले असतात. मी ते उघडलेले नसतात. विसरली असशील, असं म्हणू नकोस. लोकांच्या औषधांची नावं टाइप करते मी, विसरून चालत नाही.

घरात मी एकटी. मग दुसरीकडे बसून कोणी माझी मेलपेटी उघडू शकतं का? सहज विचारते. घाबरलेले नाही.

तुझ्या बापाला सांग, डॉक्टरने दिलेलं औषध संपवायचं असतं, जपून ठेवायचं नसतं.

आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

उघडू शकतं. आणि तू लिहितेस त्यावरून उघडतंय. हे सहज विचारण्यासारखं नाही.

मेलने उत्तर देत नाही, कारण आत शिरलेला माणूस तेही वाचेल. हे मिटेपर्यंत कागदावरच लिहू. विमा कंपनीतल्या आमच्या खोलीत दिवसभर हेच काम चालतं, कोण कुठून शिरला ते बघायचं, आणि माझ्या सख्ख्या आत्याकडे नेमकी मी चुकले. मी आले होते तेव्हा कॉम्प्युटर लावून दिला, पण मेलच्या खात्याला हात लावला नाही. तू पासवर्ड टाइप करत होतीस तेव्हा मी खिडकीतून समोरच्या टायरवाल्याकडे बघत बसले. आमच्या धंद्यातला शिष्टाचार.

आता नीट वाच. सगळ्यात आधी पासवर्ड बदल. नवा असा घे, जो आजवर कुठेही वापरलेला नाही. मग खात्यामध्ये ‘दुहेरी तपासणी’ असं एक बटण आहे, ते सुरू कर. आत येताना तुझ्या फोनवर आकडा येईल. तो फोन हातात असल्याशिवाय कोणालाही आत येता येणार नाही. त्यानंतर कॉम्प्युटरची अपडेट होऊ दे, मधेच बंद करू नकोस. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम मी घातलाय, त्याला सगळा कॉम्प्युटर तपासायला लाव. हॉस्पिटलच्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घे आणि डिस्क काढून ठेव. लावलेली राहिली तर कॉम्प्युटरबरोबर तीही जाते. आणि मेलला जोडून आलेली फाइल उघडू नकोस, ओळखीच्या माणसाकडून आली तरी. आधी त्याला विचार, तू पाठवलीस का.

हे फक्त तुझ्यापुरतं नाही, आत्या. तुझ्या टेबलावर लोकांचे आजार असतात.

बाबांनी औषध संपवलं. तुला घाबरून.

चिमणी


१९ मार्च

चिमणे,

सांगितलंस तसं केलं. अपडेटला अख्खी दुपार लागली. एक गोल गोल फिरत होतं ते बघत बसले. तपासणीत तीन किडे सापडले. त्यांची नावं औषधांसारखीच आहेत. मी चुकून रोग्याच्या कागदावर घातली असती तरी डॉक्टरांनी सही केली असती.

डिस्क शिवणाच्या डब्यात ठेवली आहे, बटणांखाली. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, जखमेवर लावतात ती. ते तू सांगितलं नव्हतंस, पण मला कोणी खोकताना बघितलेलं आवडत नाही. पाणी गाळायच्या यंत्रवाल्याने मेलबरोबर बिल पाठवलं होतं. त्याला फोन करून विचारलं, तूच पाठवलंस का. तो म्हणाला, बाई, मी सोडून तुम्हाला बिल कोण पाठवणार.

एक सांग. जो कोणी येतो, तो कुठून येतो ते कळतं का? आणि काय काय वाचतो, ते?

आत्या


२६ मार्च

प्रिय आत्या,

शाबास. आमच्या साहेबांना सुद्धा इतकं जमत नाही. त्यांचा पासवर्ड त्यांच्या मेजाखाली चिकटवलेला आहे.

कुठून येतो ते दिसतं. खात्याच्या पानावर उजवीकडे तुझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे, त्यावर दाबलं की ‘सुरक्षितता’ आणि त्याखाली ‘अलीकडचे प्रवेश’. तिथे गावाचं नाव येतं. काय वाचलं ते नेमकं दिसत नाही. तुझे मेल बारीक होतात तेवढाच माग.

पण त्याच्या मागे लागू नकोस. तुला भीती वाटत असणार, मला कळतं. घरात कोणी येऊन गेलं की माणूस कपाटं पुन्हा पुन्हा उघडून बघतो. पासवर्ड बदललास म्हणजे तो गेला. कोण होता हे कळून कोणाला बरं वाटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

चिमणी


६ एप्रिल

चिमणे,

मी पासवर्ड बदललेला नाही. दुहेरी तपासणीही लावलेली नाही. बाकी सगळं केलं ते खरं आहे.

‘अलीकडचे प्रवेश’ बघितलं. माझ्या गावाचं नाव आहे आणि मधे मधे एका बंदराचं. ते नाव मी आधी एकदाच वाचलंय. माझ्या लेकाचं, तुझ्या दादाचं शेवटचं कार्ड तिथून आलं होतं. जहाजांवरची शीतयंत्रं दुरुस्त करणारा माणूस बंदरांतूनच राहणार.

तो सगळं वाचत नाही. दुकानांच्या जाहिराती तशाच ठळक असतात. माझ्या कानाच्या तपासणीचा निकाल आला तो उघडला होता. तुझ्या बापाने आमच्या जुन्या घराचे फोटो पाठवले, ते उघडले होते. चोराला माझ्या कानाचं काय करायचंय?

पासवर्ड त्यानेच ठेवला होता, आपल्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा. कुत्र्याचं नाव आणि त्याच्यापुढे घराचा नंबर. ‘आई, हे तू मेलीस तरी विसरणार नाहीस,’ असं म्हणाला होता. तेवढी एकच गोष्ट आहे जी त्याला आणि मला दोघांना माहीत आहे. ती बदलली तर मग त्याने कुठून यायचं?

तुझे काका गेले तेव्हा मी त्याला कळवलं होतं. उत्तर आलं नाही. तेव्हापासून पाठवत नाही. उत्तर मागणारं पत्र माणूस उघडत नाही. आता मी त्याला लिहिते आणि पाठवायचं बटण न दाबता ड्राफ्टमध्ये ठेवते. आला की वाचेल. त्याला काही करावं लागत नाही, मला वाट बघावी लागत नाही.

हे तुझ्या बापाला सांगू नकोस. तो येऊन रडेल आणि मला त्याला जेवायला घालावं लागेल.

आत्या


१२ एप्रिल

आत्या,

तो दादा नाही.

हे मऊ करून लिहिता आलं असतं, पण मग तू त्यातून वाट काढली असतीस. त्या गावाचं नाव म्हणजे माणूस नव्हे. हे लोक बसतात एका ठिकाणी आणि दिसतात दुसरीकडे. त्या बंदरात भाड्याने मिळणारे मोठे कॉम्प्युटर आहेत, आमच्याकडे येणारे निम्मे चोर तिथूनच आल्यासारखे दिसतात. तुझ्या कानाचा मेल उघडला, कारण तो हॉस्पिटलकडून आला होता. हॉस्पिटलशी तुझा काय संबंध आहे हेच तो शोधतोय. फोटो उघडले, कारण तुला कोण जवळचं आहे हे त्याला हवंय.

आणि पासवर्ड त्याला कसा मिळाला तेही मी शोधलं. दादा शाळेत असताना एक खेळ खेळायचा, तो खेळ चालवणारी कंपनी केव्हाच बुडाली. त्यांच्याकडची सगळी नावं आणि पासवर्ड चोरीला गेले, आता ते कोणालाही मिळतात. त्या यादीत तुझा मेलचा पत्ता आहे. कुत्र्याचं नाव आहे. घराचा नंबर आहे. दादाने सगळीकडे तोच ठेवला होता.

दादाने घर सोडलं त्याच आठवड्यात काकांनी कुलूप बदललं, आणि तो सामान न्यायला आला तेव्हा त्याची किल्ली फिरली नाही, हे आपल्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यात तू काही करू शकत नव्हतीस हेही माहीत आहे. पण पासवर्ड म्हणजे ते कुलूप नव्हे. या दाराबाहेर वेगळाच माणूस उभा आहे.

हॉस्पिटलला तू कळव, नाहीतर मला कळवावं लागेल. शनिवारी मी येते.

चिमणी


१६ एप्रिल

चिमणे,

येऊ नकोस. आलीस तर दार उघडेन, चहा देईन, पण कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही.

तू म्हणतेस ते मला कळत नाही असं नाही. कानांत घालून मी तुझ्या वयाइतकी वर्षं डॉक्टरांची अनुमानं ऐकली आहेत. ‘बहुतेक’, ‘शक्यता’, ‘नाकारता येत नाही’. तुझ्या पत्रात त्यातलं काहीच नाही. तू फार खात्रीने लिहितेस.

कुलपाचं काढलंस म्हणून सांगते. तुझे काका गेल्यावर मी नवं काढून जुनं परत लावून घेतलं. हत्यारांच्या पेटीत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते टाकलं नव्हतं. का, ते विचारायला ते आता नाहीत.

या महिन्याअखेरीस पासवर्ड बदलते. तेवढे दिवस दे. न सांगता बदलणार नाही, एकदा तसं झालंय. ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलंय. हॉस्पिटलला मी स्वतः सांगेन, तेही महिन्याअखेरीस.

आत्या


९ मे

चिमणे,

तुला कळलंच आहे. तो मेल तुलाही आला.

महिना अजून संपायचा होता. त्या सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर माझ्या मेलमधल्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला माझं पत्र गेलेलं होतं. ड्राफ्टमधलं. खाली एक ओळ वाढवलेली आणि एक फाइल जोडलेली. मी त्यात कोणाचं नाव लिहिलं नव्हतं. कधीच लिहीत नसे, लिहिलं की पुढे हात चालत नाही. म्हणून ते सगळ्यांना चाललं.

‘घरी ये. जुनं कुलूप परत लावलंय, तुझी किल्ली चालेल. नाही चालली तर बेल वाजव, माझा डावा कान अजून शाबूत आहे. काही विचारणार नाही. मी एकटीच असते.’

पाण्याच्या यंत्रवाल्याने उत्तर पाठवलं: येतो, पण गुरुवारनंतर, आणि माझ्याकडे तुमची किल्ली नाही. तुझा बाप खरंच बॅग भरून आला. त्याचा कॉम्प्युटर बंद पडलाय हे त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, वाटेत फुटलेल्या बरणीबद्दल सांगावं तसं. दातांच्या दवाखान्यातली मुलगी फोनवर म्हणाली, मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना. मला एवढंच ऐकू आलं, आणि ती रडत होती असं वाटलं.

हॉस्पिटलमध्ये नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी फाइल उघडली. त्यांचा मुलगाही दूर असतो. बटण दाबताना आपल्या मनात काय आलं ते त्यांना आठवत नाही म्हणे. तिथले सगळे कॉम्प्युटर बंद करावे लागले. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. हाडांच्या डॉक्टरांना हाताने लिहावं लागतंय आणि ते कोणाला लागत नाही. माझं काम काढून घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही काढून घेतलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, तुम्हाला आधी शंका आली होती का. मी हो म्हणाले.

तुझी डिस्क बटणांखाली सुखरूप आहे. तिच्यातलं कोणाला आता माझ्याकडून नकोय.

पासवर्ड बदलला. दुहेरी तपासणी लावली. आकडा येतो, तो मी घालते, मग माझ्याच घरात मला घेतात. आता मी उघडेपर्यंत सगळे मेल ठळक असतात. सकाळी आहे तसे संध्याकाळी.

तुझ्या दादाने हे केलं असं तू म्हणणार नाहीस आणि मीही नाही. तो येत होता, त्याच्या मागून दुसरं कोणी शिरलं. लहानपणापासून त्याला दार ओढून घ्यायची सवय नाही. त्याचा जुना पत्ता वहीत होता. पत्र तिथेही गेलं असेल. तो पत्ता कोणी बघत नसणार. त्याने ड्राफ्टमध्ये आधीच वाचलं होतं.

आत्या


२ जून

चिमणे,

अक्षर ओळखलंस तर बरं, नाहीतर सही बघ. तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर लिहितोय, घरचा माझ्याकडे नाही. तू आता याच धंद्यात आहेस हे मला कंपनीच्या पानावर दिसलं. लहानपणी माझ्या कपाटाचं कुलूप केसांच्या पिनेने उघडायचीस.

आईच्या नावाने एक मेल आला. जुन्या पत्त्यावर मी क्वचित बघतो. पहिल्यांदा उघडला नाही. मग उघडला, आणि फाइलही उघडली. आमच्या शीतगृहाच्या जेवणखोलीतला कॉम्प्युटर होता, सगळ्यांचा. पडदा लाल झाला. पैसे मागितलेत. मुकादम अजून माझ्याशी बोलत नाही, तसा तो आधीही फारसा बोलायचा नाही.

बंदर सोडून मला बरीच वर्षं झाली. इथे डोंगर आहेत. सफरचंदं ठेवायची गोदामं आहेत, त्यांची यंत्रं मी सांभाळतो. थंडी आत-बाहेर सारखीच. बाकी सांगण्यासारखं नाही.

मला एवढंच विचारायचंय. बाबा गेल्याचं तिने कळवलं त्याला मी उत्तर दिलं नाही. लिहायला घेतलं की बाबांचंच तोंड समोर यायचं. त्यानंतर तिच्याकडून एक अक्षर आलं नाही. मी समजलो, तिनेही विषय मिटवला. आणि आता हे. आई असं लिहीत नाही. म्हणजे तिने असं लिहिलेलं मी कधी वाचलेलं नाही. पण किल्लीचं घराबाहेर कोणाला माहीत नाही.

इथला एक पोऱ्या म्हणतो, चोर आता लोकांचं सगळं वाचून हुबेहूब तसंच लिहितात, यंत्रंच लिहितात. तसं असेल तर तसं सांग. मला राग येणार नाही. ते तिने लिहिलं की त्यांनी?

तिला विचारू नकोस. तुला माहीत असेल तेवढंच कळव.

दादा


११ जून

दादा,

अक्षर ओळखलं. पिन अजून माझ्याकडे आहे.

त्या कॉम्प्युटरची तार भिंतीतून काढा आणि पैसे देऊ नका. दिले तरी फाइली परत मिळतीलच असं नाही. मुकादमाला सांग, एका हॉस्पिटलचंही असंच झालंय, तो एकटा नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर. फाइल त्यांची. ‘सोबतची फाइल उघडून बघ’ ही शेवटची ओळ त्यांची. त्याच्या वरचं प्रत्येक अक्षर आत्याचं आहे. मी ते ड्राफ्टमध्ये पाहिलं, आणि तशी आणखी पुष्कळ पाहिली. एकातही नाव नाही. सगळी तुला आहेत. तिने त्यांतलं एकही पाठवलं नव्हतं, आणि पाठवणारही नव्हती. तुला उत्तर द्यावं लागू नये म्हणून. तुझ्यापर्यंत जे आलं ते चोराने पाठवलं.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. काम गेलं तरी सकाळी टेबलापाशी बसते, कानांत काही नसतं, पाय पेडलवर असतो. कुलूप खरंच जुनं आहे. मी तुझ्यासाठी म्हणून नीट बघून आले. सुताराने ते उलटं बसवलंय, किल्ली उजवीकडे नाही, डावीकडे फिरवावी लागते. तुझ्याकडे असली तर लक्षात ठेव. पहिल्यांदा अडते.

आणखी एक, आणि हे लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. तिच्या मेलमध्ये चोर शिरत होता, आणि ती समजत होती की तू येतोस. येऊन तिचं वाचतोस. म्हणून तिने पासवर्ड बदलला नाही, म्हणून हे सगळं झालं. तो तू नव्हतास हे मी तिला एकदा सांगितलं, तिने मानलं नाही. आता तुझ्या पत्रामुळे माझ्याकडे पुरावा आहे. बंदर नाही, डोंगर. पासवर्डचं तर तुझ्या ध्यानीमनीही नाही.

पत्र मी तिला दाखवलेलं नाही. दाखवणार नाही. तू कधीच आला नव्हतास, हे तिला सांगायचं असेल तर तू सांग.

चिमणी